नाताळची पुस्तकपेटी: आठ पुस्तकं पुष्कळ झाली

डिसेंबर जवळ आला की मोबाइलवर एक कल्पना हमखास फिरायला लागते. चोवीस चित्रपुस्तकं घ्या, रंगीत कागदात गुंडाळा आणि १ डिसेंबरपासून मुलांना रोज एक उघडू द्या. फोटोत हे छान दिसतं. घरात मात्र निम्मा महिना जायच्या आत मुलांना पुस्तकापेक्षा कागद फाडण्यातच गोडी वाटायला लागते आणि रोज रात्री नवं पुस्तक वाचून दाखवणारं माणूस त्याआधीच दमलेलं असतं. पैशांचंही बघा. एक पुस्तक सरासरी ३०० रुपयांचं धरलं तरी चोवीस पुस्तकांचे ७,२०० रुपये होतात.

आमचं मत सरळ आहे. सात-आठ पुस्तकं जमवा, एका पेटीत ठेवा आणि दरवर्षी तीच बाहेर काढा. बाकीचे अकरा महिने ती पेटी बंद. तेच पुस्तक तिसऱ्या वर्षी बघणारं मूल गाढवावर बोट ठेवतं, पाचव्या वर्षी त्याला कोपऱ्यात दडलेला उंदीर सापडतो आणि सातव्या वर्षी ते स्वतःच वाचून धाकट्या भावाला दाखवतं. दरवर्षी नवी पुस्तकं आणली तर यातलं काही होत नाही.

सणाला वाचन ही मराठी घरांना कुणी शिकवायची गोष्ट नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या डब्याशेजारी अंक असतोच. तिकडे आइसलँडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री एकमेकांना पुस्तकं देतात. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या वस्तूंवर बंधनं होती, त्या मानाने कागदावर कमी, म्हणून भेट पुस्तकाची, असा त्याचा उगम सांगतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तर नाताळ शेजारच्याच घरी असतो. ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही पेटी सणाचाच भाग होईल, इतरांसाठी शेजाऱ्याचा सण समजून घ्यायची सोय.

पेटीत काय असावं

आठ पुस्तकांची वाटणी आम्ही अशी सुचवू. येशूजन्माची दोन, तीही दोन वेगळ्या चित्रकारांची, म्हणजे तीच गोष्ट दोन तऱ्हांनी दिसते. सांताक्लॉजचं किंवा संत निकोलसचं एक. शब्द नसलेलं, फक्त चित्रांचं एक. थंडी, पाहुणे, वाटून खाणं अशा विषयावरची दोन, ज्यांत नाताळचं नावही नसलं तरी चालेल. अगदी लहानांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांचं एक. आणि घरी केलेलं एक.

नाताळची चित्रपुस्तकं बहुतेक इंग्रजीतच मिळतात, हे आधीच मान्य करून टाकावं. वाटून खाणं, आजी, पाऊस, थंडी असल्या विषयांवर मात्र मराठीत भरपूर आहे. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, प्रथम बुक्स यांच्या याद्या चाळा. प्रथमचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथली पुस्तकं मराठी आणि कन्नड दोन्हींत फुकट उतरवून घेता येतात आणि छापायलाही मोकळीक आहे. एकच गोष्ट दोन्ही भाषांत छापून जोडीनं ठेवली तर मराठी घर आणि कन्नड शाळा अशा मुलाला दोन्हीकडून वाचता येते.

विकत घेताना तीन गोष्टी तपासा. पुस्तक मधोमध उघडून पाठीकडे बघा. शिवण किंवा पिना दिसल्या तर टिकेल. नुसत्या डिंकानं चिकटवलेलं स्वस्त पुस्तक दोन-तीन हंगामांत मधून फाटतं. दुसरं, दुकानातच एका जोडपानाचा मजकूर हळू आवाजात वाचा. पाच वर्षांखालच्या मुलासाठी समोरासमोरच्या दोन पानांना मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ते पुस्तक ठेवून द्या. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडला की १६ पानं होतात आणि असे दोन कागद लागतात. त्यातली सुरुवातीची-शेवटची पानं सोडली की गोष्टीला १२ ते १४ जोडपानं उरतात. पाऊण मिनिटाच्या हिशेबानं दहा मिनिटं झाली. झोपेला आलेल्या मुलाला एवढंच झेपतं.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. बटण दाबलं की गाणं वाजणाऱ्या पुस्तकात गोल चपटा सेल असतो. त्याचं झाकण स्क्रूनं बंद केलेलं नसेल तर ते घरात आणूच नका. असा सेल पोटात गेला तर आतून भाजतो आणि ती थेट दवाखान्यात पळायची वेळ असते. चमकी लावलेली मुखपृष्ठंही तीन वर्षांखालच्यांसाठी नकोत. चमकी सुटते आणि डोळ्यांत जाते.

चित्रं काय सांगतात आणि गोष्ट काय सांगते

जन्मकथेचं कुठलंही चित्रपुस्तक उघडा. एकाच पानावर गोठा, बैल, गाढव, मेंढपाळ, तीन राजे, उंट आणि वर बर्फ. मुळात या दोन वेगळ्या कथा आहेत. मेंढपाळ आणि गव्हाण लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या एका पुस्तकात, आहेत. तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक मत्तयच्या. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, ते किती होते हेही सांगत नाही. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसं तीन झाली. ते येतात तेही ‘घरात’, गोठ्यात नव्हे. बैल आणि गाढव तर दोन्हींपैकी कुठेच नाहीत. ते नंतरच्या परंपरेतून आले. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी जिवंत गोठा मांडला, त्यात ते होते.

हे सगळं वाचताना मध्येच सांगत बसू नका. मुलाला गाढव आवडलेलं असतं आणि त्याच क्षणी ‘गाढव नव्हतंच’ म्हणणारं मोठं माणूस कुणालाच नको असतं. मूल सहा-सात वर्षांचं झालं, स्वतः विचारायला लागलं, की पेटीतली जन्मकथेची दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एकदा दाखवा.

अंतर आणि थंडी मात्र आपल्याकडच्या मापानं सांगावी. नासरेथ ते बेथलेहेम सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेळगावाहून हायवेनं कोल्हापूर गाठण्याएवढं, आणि तेही पायी. बेथलेहेमची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ७७५ मीटर, बेळगावही साडेसातशेच्या वरच. तिथली डिसेंबरची रात्र आपल्या रात्रीपेक्षा अधिक गार असते. बर्फ कधीतरीच पडतं. पुस्तकातलं गुडघाभर बर्फ हे चित्रकाराच्या गावचं आहे, एवढं म्हटलं की मुलाला पुरतं.

सांताचंही तसंच. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचा बिशप होता. त्याचा सण ६ डिसेंबरला. एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्यानं रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी दंतकथा आहे. मोज्यात भेटी ठेवायची चाल तिच्याशीच जोडतात. सांताची गाडी ओढणारे आठ रेनडियर आले १८२३ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका कवितेतून, लाल नाकाचा नववा १९३९ मध्ये. ‘सांता खरा का?’ या प्रश्नाला निकोलसची गोष्ट हे सगळ्यात सोपं उत्तर आहे. त्यात खोटं बोलावं लागत नाही आणि मुलाची मजाही जात नाही.

इंग्रजी पुस्तक मराठीतून वाचताना

इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. आई एक वाक्य इंग्रजीत वाचते, मग त्याचं मराठी सांगते, मग पुढचं इंग्रजी. गोष्टीची लय तुटते आणि मुलाला तो अभ्यास वाटायला लागतो. एका बैठकीला एकच भाषा ठेवा. पहिल्या वर्षी सगळं मराठीतून, पुस्तकाकडे बघत. मूल शाळेत इंग्रजी वाचायला लागलं की एखाद्या रात्री मूळ मजकूर. गोष्ट आधीच पाठ असते, त्यामुळे शब्द आपोआप कळतात.

जागच्या जागी भाषांतर करायला जाऊ नका. पुस्तक मिळालं की दिवसा, एकट्यानं, चहा घेत मराठी मजकूर लिहून ठेवा. चित्रपुस्तकांत पानांचे आकडे नसतातच बहुधा, म्हणून पेन्सिलीनं खालच्या कोपऱ्यात बारीक आकडे घाला आणि वेगळ्या कागदावर त्या आकड्यांसमोर मराठी वाक्यं लिहा. तो कागद शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पाकिटात ठेवा. पानावरच स्टिकी नोट लावायचा मोह टाळा. वर्षभर पेटीत राहिली की तिचा डिंक कागदावर उतरतो, त्यावर धूळ बसते आणि काढताना गुळगुळीत कागदाचा पापुद्रा निघतो.

भाषा घरची हवी. ‘गर्दभ मार्गक्रमण करीत होता’ असं लिहिलंत तर मूल पळून जाईल. ‘गाढव निघालं टुकूटुकू, वाट काय सरेना’ हे जमतं. आज्जी वाचणार असेल तर तिनं तिच्या बोलीत वाचावं, कुणी दुरुस्त करू नये. यमकाची इंग्रजी पुस्तकं मराठीत आणताना यमक सोडा. एखादी ओळ पालुपदासारखी दर दोन पानांनी परत आणली की मुलं ती ओळ स्वतः म्हणतात आणि यमकाचं काम भागतं.

अनोळखी वस्तूंवर अडू नका. रेनडियरला रेनडियरच म्हणा. धुराडं जुन्या घरात दाखवता आलं तर दाखवा. पाईनच्या झाडाऐवजी आपल्याकडे सुरूची फांदी आणून सजवतात हे मुलांना दिसतंच, चित्राशी ते ती आपणच जोडून घेतात. ख्रिस्ती शब्दांसाठी मात्र मराठी बायबलमधले शब्द घ्यावेत: गव्हाण, मेंढपाळ, देवदूत. चर्चमध्ये कानावर पडणारे आणि पुस्तकातले शब्द एकच राहतात.

वाचताना पुस्तक मांडीवर नको, बाजूला, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला. पान उलटलं की आधी चित्र बघू द्या, चार-पाच सेकंद गप्प बसा, मग वाचा. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर आर्ट पेपरच्या पानावर पांढरा पट्टा चमकतो आणि चित्रच दिसत नाही. दिवा वाचणाऱ्याच्या खांद्यामागे, बाजूनं ठेवा. दर पानाला ‘हे काय? तो रंग कुठला?’ विचारणं बंद. एका पुस्तकाला दोन प्रश्न पुष्कळ.

शब्द नसलेलं पुस्तक आमच्या मते या भागात सगळ्यात जास्त चालतं. गल्लीत मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारी मुलं एकत्र खेळतात. त्यांना गोलात बसवा आणि प्रत्येकानं एक जोडपान आपल्या भाषेत सांगायचं. एकानं सांगून संपवलं की बाकीच्यांनी ‘पुढं काय झालं?’ किंवा ‘मुंदे एनायितु?’ विचारायचं. सहापेक्षा जास्त मुलं असतील तर मागच्यांना चित्र दिसत नाही आणि ढकलाढकली सुरू होते, म्हणून दोन गट करा.

घरचं पुस्तक

सोळा पानांचं पुस्तक करायला ए-४ आकाराचे १२० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जाड) चार कागद आणि मुखपृष्ठाला २५० जीएसएमचा एक पुठ्ठाकागद लागतो. साधा ७० जीएसएमचा झेरॉक्स कागद घेतलात तर स्केचपेनचा रंग मागे उमटतो. कागद आडवे मधोमध दुमडून एकात एक घाला. आधी पेन्सिलीनं सगळ्या पानांवर आकडे टाका, मगच कागद सुटे करून चित्रं काढा. हे केलं नाही तर नक्की गोंधळ होतो, कारण सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि १५ अशी पानं येतात. पीडीएफ छापून घेत असाल तर झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट’ पर्याय आणि पाठपोट छपाई लहान बाजूवर उलटून, एवढं सांगा.

मजकुरासाठी लूकचा दुसरा अध्याय, वचनं १ ते २०, सोळा पानांत नेमका बसतो. पहिलं पान नावाचं, शेवटचं रिकामं, मध्ये सात जोडपानं. नावनोंदणीचा हुकूम (१–३), प्रवास (४–५), जन्म (६–७), रानातले मेंढपाळ आणि देवदूत (८–९), बातमी आणि गाणं (१०–१४), मेंढपाळ निघतात (१५–१६), सगळ्यांना सांगतात आणि परततात (१७–२०). ख्रिस्ती नसलेल्या घरांनी, किंवा दुसरं पुस्तक म्हणून, ‘आपल्या गावचा नाताळ’ करावा. दारातली कागदी चांदणी, अंगणातला गोठा, बेळगाव कॅम्पातलं फातिमा कॅथेड्रल, ताटातल्या नेवऱ्या आणि दोदोल, आणि शेवटच्या पानावर ३१ डिसेंबरला जाळतात तो ओल्ड मॅन, सरत्या वर्षाचा पुतळा. मुलं त्या पानासाठीच पुस्तक मागतात.

शिवण तीन भोकांची. साधा स्टेपलर पाठीपर्यंत पोचत नाही, म्हणून शिवलेलंच बरं. पाठीची उंची २१ सेंटीमीटर येते. घडीवर ३, १०.५ आणि १८ सेंटीमीटरवर खुणा करून दाभणानं आतून बाहेर भोकं पाडा, खाली जुनी वही ठेवा. गोधडीचा जाड दोरा सुमारे ५५ सेंटीमीटर, मेणबत्तीवर एकदा ओढून घेतलेला. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, मग मधलं भोक ओलांडून खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी घेऊन त्या टाक्यावरूनच गाठ मारा. दोरा वर न ओढता पाठीच्या दिशेनं ओढा, नाहीतर भोकाशी कागद फाटतो. आतली पानं मिलिमीटरभर बाहेर आलेली दिसतील. ती शिवून झाल्यावर पट्टी लावून कटरनं कापा, आधी नव्हे.

फाटलं तर, आणि पावसाळा

पान फाटलं की सेलोटेप लावली जाते. ती चार-पाच वर्षांत पिवळी पडते आणि खालचं चित्रही घेऊन जाते. मैद्याची खळही नको. कसर तिच्यासाठीच येते. पांढरा फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, बारीक ब्रशनं फाटीच्या कडेला लावा, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. उघडझाप करायच्या झडपांची पुस्तकं मात्र नवी असतानाच बिजागरीच्या जागी मागून कागदी पट्टी लावून भक्कम करा, कारण पहिली झडप पहिल्याच आठवड्यात तुटते.

आपल्याकडचा, विशेषतः खानापूर बाजूचा पाऊस पुस्तकांचा वैरी. पत्र्याची ट्रंक चालते, पण जमिनीवर नको, दोन फळ्यांवर ठेवा. पुस्तकं आडवी रचा, मोठी खाली. बारीक पाठीची पुस्तकं उभी ठेवली की वाकतात. गुंडाळायला जुनं सुती धोतर किंवा साडी घ्या. वर्तमानपत्र नको, त्याची शाई मुखपृष्ठावर उतरते आणि आम्लाचा कागद शेजारच्या पानांनाही पिवळं करतो. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर पूर्ण वाळलेला, ओलसर राहिला तर त्यालाच बुरशी येते. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या पुस्तकांत मुळीच नकोत. त्या विषारी असतात आणि वासही पानांना चिकटून राहतो. जून ते सप्टेंबर पेटी उघडू नका. ऑक्टोबरमध्ये एकदा पुस्तकं पंख्यासारखी उघडून सावलीत दिवसभर ठेवा, उन्हात रंग उडतात. पांढरी बुरशी दिसली तर नाकाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशनं झटका.

पेटी कधी उघडायची

नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडली तर डिसेंबरपर्यंत पुस्तकं शिळी होतात. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार हा चांगला मुहूर्त. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, २०२६ मध्ये २९ नोव्हेंबरला. चार रविवारी दोन-दोन पुस्तकं बाहेर काढा आणि आठवडाभर ती हाताशी राहू द्या. ६ डिसेंबरच्या आठवड्यात निकोलस. २४ तारखेच्या रात्री जन्मकथेचं, तेही छोटं. मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्या घरात त्या रात्री लांब गोष्ट कुणी ऐकत नाही. जन्मकथेच्या दोनांपैकी ज्ञानी लोकांची गोष्ट असलेलं ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे त्यांच्या भेटीच्या सणापर्यंत, हाताशी ठेवा. मिशनच्या शाळांना सुट्टी लांब असते, बाकीच्यांना बहुधा २५ डिसेंबर एवढीच, त्यामुळे वाचनाची वेळ रविवारी धरलेली बरी.

पेटी बंद करताना झाकणाच्या आत कागद चिकटवून ठेवा: कुठलं पुस्तक, कुठलं पान दुरुस्त करायचं, कुणाकडे गेलंय. नवं पुस्तक आत आलं तर जुनं एक अंगणवाडीला किंवा वाचनालयाला द्या, नाहीतर आठाची वीस होतात आणि दोनच वाचली जातात. मुलांची नावं आणि साल मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनचा दाब पलीकडच्या चित्रावर उमटतो. उसनं गेलेलं पुस्तक जानेवारीतच मागून आणा. जूनमध्ये मागायला गेलात तर ते कुणाच्या तरी दप्तरात सापडतं, नाहीतर सापडतच नाही.